मायएसक्यूएल मरतंय? आधी अपाची बघा

मावसभावाची मसाल्यांची साइट ऐन दिवाळीत तीनदा पडली. उबुंटूचं क्लाउड मशीन, रॅम १ जीबी. मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस, रीस्टार्ट केलं की तासभर चालायची, मग पुन्हा तेच. दोन रात्री मी उगाच डेटाबेस उचकत बसलो.

तुम्ही आधी ‘सुडो डीमेसेज’ चालवा; ही कमांड कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, संदेश दाखवते. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं, तर मायएसक्यूएल कर्नलनेच मारलंय. रॅम संपली की तो सहसा सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला उडवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा चोर अपाची, म्हणजे साइटची पानं पाठवणारा वेब सर्व्हर: त्याच्या प्रीफोर्क मॉड्यूलमध्ये (एका वेळी एका विनंतीला एक प्रोसेस) प्रत्येक प्रोसेस अख्खं पीएचपी (साइटचा कोड चालवणारं इंजिन) कडेवर घेऊन बसते, आणि उबुंटूच्या प्रीफोर्कच्या फाइलीत ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’, म्हणजे एका वेळच्या प्रोसेसची कमाल संख्या, १५० असतं.

‘पीएस’ या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये अपाचीच्या एका प्रोसेसची रॅम बघा. माझ्याकडे ५० एमबी भरली, म्हणजे १५० जणींना ७,५०० एमबी! (थोडी मेमरी सामायिक असते, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. फुगलेलाच धरा.) निम्मी रॅम मायएसक्यूएल आणि सिस्टिमला सोडली, उरलेल्या ५१२ ला ५० ने भागलं, १० आले. मी ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ ८ ठेवले. मग फाइलीत चूक नाही ना ते बघायला ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’, आणि अपाची रीस्टार्ट.

सवडीने प्रीफोर्क काढून इव्हेंट (अपाचीचं दुसरं मॉड्यूल) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचीबाहेर वेगळं चालवणारी सेवा) बसवा. ऐन दिवाळीत मात्र नको.