बाल्कनमधल्या जुन्या मधमाशीची चिठ्ठी कशी वाचावी

आग्नेय युरोपात मधमाश्या आणि गांधीलमाश्यांचा अभ्यास अडीचशे वर्षांहून जुना आहे. इद्रिया इथल्या पाऱ्याच्या खाणीवर डॉक्टर असलेल्या जोव्हान्नी आंतोनियो स्कोपोलीने कार्निओला प्रांतातल्या (आजचा स्लोव्हेनिया) कीटकांवरचा ग्रंथ १७६३ मध्ये छापला. पुढच्या दीडशे वर्षांत या भागातून गोळा झालेले नमुने व्हिएन्ना, बुडापेस्ट, सारायेव्हो अशा संग्रहालयांत गेले. त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांचे फोटो आता घरबसल्या पाहता येतात. कीटक टाचणीवर टोचून ठेवतात आणि त्याच टाचणीवर त्याची माहिती सांगणारी चिठ्ठी असते. तीत दोन-तीनच शब्द असतात. त्यांतून ठिकाण, तारीख आणि जात अचूक काढली, तरच तो नमुना अभ्यासाच्या कामाचा.

नमुना प्रत्यक्ष हातात असेल तर टाचणी चिमट्याने खालून धरा. जुन्या पितळी टाचण्यांवर हिरवा गंज चढतो, कीटक आतून पोखरला जातो आणि जरा पीळ बसला तरी मोडतो. चिठ्ठ्या शक्यतो काढू नका. काढाव्याच लागल्या तर वरून खाली त्यांचा क्रम आधी टिपा, दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह घ्या आणि परत लावताना जुन्याच भोकात टाचणी जाऊ द्या. मागच्या बाजूला पेन्सिलने गावाचं नाव लिहिलेलं अनेकदा सापडतं.

मग मजकूर जसाच्या तसा उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. तक्त्यात ‘मूळ मजकूर’ आणि ‘आपला अर्थ’ असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि अंदाजाने भरलेलं अक्षर चौकटी कंसात टाका. मूळ मजकुरावर सुधारित नाव लिहून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण नंतरच्या माणसाला ती पकडताच येत नाही.

ठिकाणाच्या नावांत खरी गुंतागुंत आहे. पुण्याचं ‘पूना’ आणि खडकीचं ‘किर्की’ आपण सहज ओळखतो. इथे मात्र एकाच गावाला जर्मन, हंगेरियन, इटालियन, तुर्की आणि स्थानिक अशी तीन-चार नावं सापडतात. लायबाख म्हणजे ल्युब्लियाना, आग्राम म्हणजे झाग्रेब, फियुमे म्हणजे रियेका, स्पालातो म्हणजे स्प्लिट, रागूझा म्हणजे दुब्रोव्हनिक. हेर्मानश्टाट आणि नागीसेबेन ही दोन्ही नावं सिबियूची. फिलिपोपेल म्हणजे प्लोव्हदिव्ह, उस्क्युब म्हणजे स्कोपये, मोनास्तिर म्हणजे बितोला. ‘मेहादिया’ दिसलं की थांबा. त्या नावाचं गाव आहे, पण शेजारच्या हेर्क्युलेसबाडच्या (आजचं बाइले हेर्कुलाने) गरम झऱ्यांनाही लोक मेहादियाचे झरे म्हणत, आणि कीटक गोळा करणारे तिथे मुद्दाम जात.

देशाच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. बुडापेस्टच्या शांदोर मोचारीने चकचकीत सोनेरी-हिरव्या क्रिसिडिड गांधीलमाश्यांवरचा मोठा ग्रंथ १८८९ मध्ये काढला. त्या काळच्या ‘हुंगारिया’त (हंगेरीत) ट्रान्सिल्व्हानिया आणि बानात हे प्रदेशही येत. १९२० च्या त्रियानों तहानंतर हा मुलूख बराचसा रुमानिया आणि युगोस्लाव्हियात गेला. १९१२ पूर्वीच्या ‘तुर्कीया’त मॅसिडोनिया आणि अल्बानिया धरावे लागतात. नुसतं ‘बाल्कन’ लिहिलं असेल तर ते बल्गेरियातल्या पर्वतरांगेचंही नाव असू शकतं आणि सबंध द्वीपकल्पाचंही. अशा वेळी अक्षांश-रेखांश देऊच नका, प्रदेश एवढंच लिहा. गाव नक्की असेल तर गावाचा मध्यबिंदू घ्या आणि सोबत किती किलोमीटरची चूक संभवते ती त्रिज्या लिहा. त्रिज्येशिवायचा बिंदू खोटी अचूकता दाखवतो.

तारखेत महिना बहुधा रोमन आकड्यात असतो, म्हणून दिवस-महिन्याची अदलाबदल सहसा होत नाही. घोळ होतो तो १ आणि ७ मध्ये. मध्य युरोपीय हातवळणात १ ला लांब चढती रेघ असते, आणि ७ ला बहुधा मध्ये आडवी. त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्या शेजारी ठेवून ताडून पाहा.

त्याहून मोठा खड्डा पंचांगाचा. बल्गेरियात ३१ मार्च १९१६ नंतरचा दिवस १४ एप्रिल धरला गेला. रुमानियाने हा बदल १९१९ मध्ये केला, ग्रीसने १९२३ मध्ये. तोवर तिथे जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं, आणि ते आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या काही दिवस मागे असे. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवा, मार्च १९०० पासूनच्या तारखेत १३. म्हणजे स्थानिक माणसाने सोफियाला १० जुलै १९०८ लिहिलं असेल तर आपली तारीख २३ जुलै. पण त्याच गावात आलेला व्हिएन्नाचा माणूस ग्रेगोरियन तारीख लिहीत असे, त्यामुळे संग्राहक कोण हे कळल्याशिवाय दिवस मिळवू नका. एका चिठ्ठीवर १३ दिवसांच्या फरकाने दोन तारखा दिसल्या तर प्रश्नच मिटला.

आता जात. चिठ्ठीवरचं जुनं नाव आजच्या नावाशी जुळवायला कीटकशास्त्रज्ञ दाल्ला तोर्रेची मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या नावांची दहा खंडांची सूची (१८९२–१९०२) अजून उपयोगी आहे. त्या काळात कोणतं नाव कशाला वापरत ते तिच्यातून कळतं. ‘बाँबस पास्कुओरम (स्कोपोली, १७६३)’ या बंबलबीच्या नावातला कंस सांगतो की नाव देणाऱ्याने जात दुसऱ्या प्रजातीत (जातींच्या वरच्या गटात, म्हणजे जीनसमध्ये) ठेवली होती. स्कोपोलीने तिला ‘आपिस’, म्हणजे मधमाशीच्याच प्रजातीत, घातलं होतं. बाँबस आर्जिलासियस आणि लासिओग्लॉसम काल्सिआटम ही नावंही त्याच ग्रंथातली. त्याचा कीटकसंग्रह आज शिल्लक नाही, त्यामुळे ‘स्कोपोलीच्या मूळ नमुन्याशी ताडून पाहिलं’ असं कुणी लिहिलं असेल तर ती नोंद बाजूला काढा.

शेवटी माशीलाच विचारा. बाँबस आर्जिलासियसच्या राण्या वसंतात लवकर बाहेर पडतात, नर उन्हाळ्यात. नराच्या चिठ्ठीवर मार्च असेल तर तारीख, लिंग किंवा जात यांपैकी काहीतरी चुकलं आहे. आणि स्केलिफ्रॉन कुर्व्हाटम या कुंभारीण माशीवर युरोपातल्या गावाचं नाव आणि १९५० साल दिसलं तर नोंद लगेच स्वीकारू नका. ही माशी मूळची भारत-नेपाळकडच्या हिमालयाच्या पट्ट्यातली, आणि युरोपात ती पहिल्यांदा १९७९ मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरियात सापडली. आधी ओळख पुन्हा तपासा, मग चिठ्ठी दुसऱ्या नमुन्याची तर नाही ना, ते बघा.