पिवळा सुगंधी गुलाब: कळी कधी कापावी?

पिवळ्या हायब्रिड टी (लांब दांडीवर सहसा एकच मोठं फूल येणाऱ्या) गुलाबाचा वास घरात हवा असेल, तर कळी कापायची वेळ सांभाळा. घट्ट मिटलेली कळी बऱ्याचदा न उमलताच मान टाकते. कळीला बाहेरून झाकणारी हिरवी निदलं मागे वळली, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैल झाल्या, की सकाळी ऊन चढण्याआधी कापा. बाहेरच्या बाजूला वळलेलं, पाच पर्णिकांचं (एकाच देठावर पाच छोटी पानं असलेलं) पान शोधा आणि त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर काप द्या. तिथून जोमदार फुटवा येतो. रोप लहान असेल तर दांडी आखूडच घ्या. लांब दांडीचा मोह रोपाला फार महागात पडतो.

पिवळ्या रंगाचं एक जुनं दुखणं आहे. फ्रान्समधले गुलाब-संकरक पेर्ने-दुशे यांनी १९०० साली आणलेल्या ‘सोलेय दोर’ या गुलाबाच्या जातीपासून हा गडद पिवळा रंग बागेतल्या गुलाबांत आला, आणि पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही. म्हणून पाणी मुळाशीच घाला, पानं कोरडी ठेवा, सहा तास ऊन मिळू द्या.

फुलदाणी अरुंद तोंडाची, फूल एकच. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. पिकलेल्या फळांजवळ मात्र ठेवू नका, त्यांच्या वायूने पाकळ्या लवकर गळतात.