घोड्यांचं कुरण कसं सांभाळायचं

कुरण उजाड दिसायला लागलं की लोक आधी बियाणं नि खत आणायला पळतात, पण बहुतेक वेळा भानगड वेगळीच असते, घोडे त्या तुकड्यावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिलेले असतात. गायीला वरचे पुढचे दात नसतात म्हणून ती जिभेने गवत ओढून तोडते, घोड्याला वर-खाली दोन्हीकडे असतात त्यामुळे तो पार जमिनीलगत कातरून खातो. वर नखरे पण भरपूर, कोवळं दिसलं की तिथेच परत परत तोंड घालणार आणि जिथे लीद पडलीये तिथलं गवत कमरेएवढं वाढलं तरी बघणार नाही.

१. कुरणाचे तुकडे करा. तीन-चार झाले तरी चालतील, हलवता येणारं इलेक्ट्रिक फेन्सिंग बरं पडतं, काटेरी तार मात्र घोड्यांना अजिबात नको, घाबरून पळाले की पाय फाडून घेतात. गवत 15 ते 20 सेंटिमीटर झालं की घोडे आत सोडा आणि 8-10 वर आलं की बाहेर, अजून थोडं शिल्लक आहे म्हणून ठेवायचा मोह होतोच पण नाही म्हणजे नाही. पान अर्ध्याहून जास्त गेलं की मुळांची वाढ थांबते, मग नवीन फूट यायला फार वेळ लागतो आणि मोकळ्या जागेत तण घुसतं. बाहेर काढल्यावर वाढीच्या सीझनमध्ये तीन-चार आठवडे विश्रांती द्या, थंडीत किंवा कोरड्या दिवसांत त्याहून जास्त, कॅलेंडरपेक्षा गवताची उंची बघा.

२. एक छोटा तुकडा बिनगवताचा ठेवा. चिखल असेल किंवा सगळीकडे गवत खुरटलेलं असेल तेव्हा घोडे इथे ठेवून वाळलेलं गवत घालायचं. ओल्या मातीवर घोडा पळाला की खुरांनी गवत मुळासकट उखडतं.

३. लीद उचला, आठवड्यातून दोनदा तरी. कंटाळवाणं काम आहे पण जंत कमी करायला यासारखं दुसरं काही नाही, कारण लिदीतल्या अंड्यांतून अळ्या निघून गवतावर चढतात. लीद पसरवायचीच असेल तर कडक उन्हाच्या कोरड्या दिवसांतच, ओल्या हवेत पसरवली तर अळ्या सगळ्या कुरणभर होतात. मेंढ्या किंवा गाई मागून चारल्या तर त्या घोड्यांनी सोडलेलं गवत खातात आणि घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात जगत नाहीत.

४. उरलेले उंच झुपके आणि तण फुलावर येण्याआधी कापा. फक्त कापलेल्या विषारी झाडांचं काय होतं ते बघा, रॅगवर्टसारखं तण सुकलं की कडूपणा जातो, विष राहतं, आणि मग घोडा खातो. कण्हेर तर कुंपणापाशीसुद्धा नको.

५. खताआधी माती तपासून घ्या. पीएच (माती किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) 6 ते 7 च्या मध्ये असेल तर ठीक, त्याहून कमी म्हणजे आम्लता जास्त असेल तर चुना टाका, नाहीतर खताचे पैसे बरेचसे वाया. खत टाकल्यावर दाणे पावसाने पूर्ण विरघळेपर्यंत घोडे आत नकोत.

आता एक गोष्ट जी गवत छान झाल्यावरच डोकं वर काढते. कोवळ्या भरघोस गवतात साखर जास्त असते आणि त्याने लॅमिनायटिस म्हणजे खुरांचा भयंकर दुखरा आजार होऊ शकतो, जाड घोडे नि पोनी यांना जास्तच. म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवा. ज्याला धोका आहे त्याला पहाटे सोडा, दुपारनंतर साखर चढलेली असते, आणि रात्री दव गोठलं असेल तर सकाळीही नको.

नवीन पेरणी केली असेल तर रोपं नुसती हिरवी दिसली म्हणून दार उघडू नका. मूठभर गवत धरून जोरात ओढा, पानं तुटली तर सोडा, मुळं हातात आली तर अजून थांबा.