बाहेरदेशी जायच्या आधी आधारला कुलूप लावा

बडोद्याच्या दांडिया बाजारात हल्ली कुणी ना कुणी म्हणतंच, इथे सगळ्यांची सगळ्यांवर नजर, त्यापेक्षा कॅनडाला जाऊ. जा की, पण तिथल्या व्हिसालाही बोटांचे ठसे आणि फोटो द्यावाच लागतो, म्हणून आधी घरचं आवरा.

लॉजवाला, घरमालक, कुणालाही पूर्ण आधारची झेरॉक्स देऊ नका, यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात. मग तिथेच बायोमेट्रिक, म्हणजे आपले बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आधारवाल्या मशीनवर नुसत्या अंगठ्याने खात्यातले पैसे निघतात, ओटीपी येत नाही, आणि अंगठा काही पासवर्डसारखा बदलता येत नाही ना! गरज पडली की थोड्या वेळापुरतं अनलॉक होतं. आईबाबांचंही तुम्हीच करून द्या, त्यांना हे कुणी सांगत नाही. संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच रिपोर्ट करा.

सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवलाय. दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर 'कशाला हवाय?' असं सरळ विचारा.