टाकीत इंधन असूनही इंजिन बंद पडते तेव्हा

एका इंजिनाच्या लहान विमानात इंधन दोन प्रकारे दगा देते: ते संपते, किंवा टाकीत असूनही इंजिनापर्यंत पोहोचत नाही. दुसरा प्रकार मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो बहुतेक वेळा टाळता येतो.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी विमान कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात कोसळले व त्यात त्यांचा मृत्यू झाला. निघण्यापूर्वी इंधन भरायचे का, असे विचारले असता त्यांनी नकार दिला होता. टाकी बदलण्याचा दांडा वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होता आणि तो फिरवण्याच्या प्रयत्नात विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या तपासयंत्रणेने काढला. म्हणून अनोळखी विमानात बसल्यावर पट्टा बांधून, मान न वळवता फ्युएल सिलेक्टरपर्यंत, म्हणजे टाकी निवडण्याच्या या दांड्यापर्यंत, हात पोहोचतो का, हे जमिनीवरच पाहावे.

केवळ इंधन दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नये. टाकीचे झाकण उघडून डिपस्टिकने इंधन मोजावे. सेस्ना १७२ एस या लहान विमानाच्या टाक्यांत सुमारे २१२ लिटर इंधन मावते, पण वापरता येते ते सुमारे २०० लिटर, आणि हिशोब या दुसऱ्या आकड्यावरच मांडावा. अमेरिकी नियमांनुसार दृश्य उड्डाणासाठी (बाहेर नजर ठेवून केलेल्या उड्डाणासाठी) दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचे इंधन शिल्लक राहील अशी आखणी करावी लागते. माझ्या मते तासाभराचे ठेवावे.

इंधन भरल्यावर प्रत्येक निचरा-झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढावे. १०० एलएल हे लहान विमानांचे पेट्रोल निळसर असते आणि पाणी त्याच्या तळाशी बसते. मात्र संपूर्ण पेलाच पाण्याने भरला असेल तर वेगळा थर दिसणारच नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही तपासावेत.

या सेस्नात दोन्ही टाक्यांतून एकाच वेळी इंधन घेता येते. पायपर चेरोकीत तशी सोय नसल्याने घड्याळ लावून साधारण दर अर्ध्या तासाने टाकी बदलावी. ही बदली उतरण्याच्या अगदी आधी करू नये. बदलल्यानंतर इंजिन नीट चालते आहे याची खात्री करण्यापुरती उंची हाताशी असावी.

इंजिन थांबलेच, तर आधी विमान उडवावे: १७२ एसमध्ये ६८ नॉटचा वेग धरून ट्रिम करावे, म्हणजे तो वेग आपोआप टिकेल असे विमान जुळवावे. वारा नसल्यास दर हजार फूट उंचीमागे साधारण अडीच ते पावणेतीन किलोमीटर अंतर मिळते, तेवढ्यात येणारे मोकळे शेत किंवा मैदान निवडावे, आणि मगच इंधनाची बंद-झडप उघडी, सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, सहायक पंप चालू, मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण) समृद्ध, इग्निशनची किल्ली 'दोन्ही'वर, असा क्रम हाताने चाचपून पाहावा. इंजिन पुन्हा चालू झाले नाही, तर १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ वारंवारतेवर 'मेडे' ही संकटाची हाक पुकारून ट्रान्सपॉंडरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आणीबाणीचा संकेतांक लावावा; जमीन जवळ येताच मिक्श्चर, इंधन आणि इग्निशन बंद करून दारांची कडी काढून ठेवावी. उड्डाण करताच कमी उंचीवर इंजिन बंद पडल्यास मात्र एवढा वेळ नसतो: नाक लगेच खाली करून समोरच, फार तर किंचित डावी-उजवीकडे, उतरावे, धावपट्टीकडे परत वळू नये.