एका प्लेटवरून एकच कॉलनी उचलू नका

पशुवैद्यकीची पदवी घेऊन एमव्हीएस्सीला मायक्रोबायोलॉजी निवडलेल्या आणि डुकरांवर काम करायची तयारी असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. आपल्याकडे गाई-म्हशी आणि कोंबड्यांबद्दल सांगणारे सीनिअर पुष्कळ भेटतात, डुकरांबद्दल सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) प्रवेश परीक्षेतून मी आसामला गेलो. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ९० लाख डुकरांपैकी २१ लाख एकट्या आसामात होती. तिथे गावोगावी घरामागे दोन-चार ‘गाहोरि’, म्हणजे डुकरं, बांधलेली दिसतात.

माझा विषय होता स्ट्रेप्टोकॉकस सुइस. हा जिवाणू धडधाकट डुकराच्या टॉन्सिलवर आयुष्यभर मुक्काम करतो, मादीकडून पिल्लांना जन्मताना किंवा त्यानंतर लगेच मिळतो, आणि बहुतेकांना काही करत नाही. पण दूध तुटल्यावरच्या आठवड्यांत काही पिल्लांच्या रक्तात, सांध्यांत, मेंदूच्या आवरणात शिरतो. एकाच नावाचा जिवाणू इथे निमूट आणि तिथे जीवघेणा का, हाच या कामातला खरा प्रश्न.

माझी पहिली चूक तिथेच झाली. कत्तलखान्यातून टॉन्सिल आणायचे, मेंढीच्या रक्ताच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) लावायचे, पेटती मेणबत्ती ठेवून बंद केलेल्या बरणीत ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे. सकाळी बारीक, करड्या, भोवती हिरवट वलय असलेल्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, दिसल्या की त्यातली एक उचलून नव्या प्लेटवर पुन्हा वाढवायची. एक डुक्कर, एक आयसोलेट (वेगळा काढून वाढवलेला जिवाणू). तीन महिने असंच केलं. मग एका सीनिअर ताईंनी विचारलं, बाकीच्या कॉलनीही त्याच प्रकारच्या आहेत हे तू कशावरून म्हणतोस? फ्रीझरमधल्या एका टॉन्सिलची प्लेट पुन्हा लावली, पाच कॉलनी उचलल्या, पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधायची चाचणी) केला. एकाच जनावरात दोन सिरोटाइप, म्हणजे याच जिवाणूचे दोन उपप्रकार, निघाले. टॉन्सिलवर अशी गर्दी असते हे आधीच नोंदलेलं आहे, मी ते वाचलंही होतं. फक्त माझ्या प्लेटला लागू केलं नव्हतं. विविधता मोजायची आणि कॉलनी एकच उचलायची, म्हणजे जे शोधायला निघालो तेच फेकून द्यायचं. ते सगळं काम मला परत करावं लागलं.

ओळख पटवण्यातही घाई नको. कॅप्सूलवरून, म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या कवचावरून, एकेकाळी ३५ सिरोटाइप धरायचे. त्यातले सहा पुढे वेगळ्या प्रजातींचे ठरले, म्हणून आता २९. जुना जीडीएच जीनचा पीसीआर या वेगळ्या झालेल्यांनाही पॉझिटिव्ह दाखवू शकतो, त्यामुळे रेकएन जीनचा पीसीआर जोडीला हवाच. शिवाय साध्या मल्टिप्लेक्समध्ये (एकदम अनेक जीन शोधणाऱ्या पीसीआरमध्ये) सिरोटाइप २ आणि १/२ सारखेच दिसतात, १ आणि १४ सुद्धा. फरक सीपीएसके जीनमधल्या एका अक्षराचा असतो, तिथे सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) किंवा अँटिसिरा (सिरोटाइप ओळखणारी अँटिबॉडी असलेली द्रावणं) लागतात. जेलवर पट्टी आली की आनंद होतो, पण ‘सिरोटाइप २’ असं लगेच लिहून टाकू नका.

जहालपणाच्या, म्हणजे रोग घडवण्याच्या ताकदीच्या, बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सुइलायसिन, एमआरपी आणि ईएफ ही जिवाणूची प्रथिनं, हे तीन मार्कर युरोपातल्या जहाल सिरोटाइप २ मध्ये एकत्र सापडले, म्हणून सगळे तेच शोधतात. उत्तर अमेरिकेत मात्र एसटी (जीन्सवरून ठरणारा वंशप्रकार) २५ आणि एसटी २८ जास्त, त्यांच्यात ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत, तरी तिथलीही पिल्लं आजारी पडतातच. मार्कर हे त्या-त्या भागातल्या वंशावळीची खूण आहेत. त्यावरून आपल्या आयसोलेटला ‘जहाल’ म्हणायचा हक्क मिळत नाही. २००५ साली चीनच्या सिचुआनमध्ये २१५ माणसं आजारी पडून ३८ दगावली. तो स्ट्रेन सिरोटाइप २च, पण एसटी ७. नुसत्या सिरोटाइपने हे कळलं नसतं, म्हणून सात जीन्स वाचून एसटी ठरवणारं एमएलएसटी शिकून घ्या.

आणि आजारी जनावरापर्यंत स्वतः जा. एका घरामागच्या खोपटात सहा आठवड्यांचं पिल्लू आडवं पडलं होतं, पाय सायकल मारल्यासारखे हलत होते, बुबुळं थरथरत होती. मालकीण कोंड्याची बादली हातात धरून तशीच उभी होती. ते त्याच दुपारी गेलं. मेंदूच्या आवरणाच्या स्वॅबवर सगळ्या प्लेटभर एकसारखी वाढ आली. तरी मी पाच कॉलनी उचलल्या.

हातमोजे घातल्याशिवाय यातलं काहीही करू नका. बोटाला साधं कापलेलं असलं तरी सांगा आणि त्या दिवशी शवविच्छेदनाला उभे राहू नका. माणसात हा जिवाणू जखमेतून शिरतो, आणि मेनिंजायटिसमधून (मेंदूच्या आवरणाच्या दाहातून) बरे झालेल्यांपैकी अनेकांचं ऐकू येणं कायमचं जातं.

ग्लिसरॉल स्टॉकच्या (गोठवून जपलेल्या जिवाणूंच्या) ट्यूबवर नुसता नंबर टाकू नका. जनावराचा क्रमांक, टॉन्सिल की मेंदू, निरोगी की आजारी, आणि कितवी कॉलनी, एवढं त्याच दिवशी लिहा. माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या ट्यूबांवर फक्त नंबर होते. त्या मला प्रबंधात वापरता आल्या नाहीत.