फॉल्ट ट्रीत फझी आकडे घालताय? या चुका टाळा

एखादा व्हॉल्व्ह किती वेळा बिघडतो याची नोंद नसते, तेव्हा मेंटेनन्सची माणसं सांगतात, "क्वचित अडकतो." हे 'क्वचित' गणितात बसवायला फझी पद्धत, म्हणजे एका नेमक्या आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा घेणं, खरोखर कामाची आहे. लोत्फी झादे यांनी फझी संचांची (ज्यांत एखादी गोष्ट अंशतःही बसू शकते अशा संचांची) कल्पना १९६५ मध्ये मांडली. १९८३ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ती फॉल्ट ट्रीला, म्हणजे मोठा बिघाड कोणत्या छोट्या बिघाडांतून घडतो ते फांद्यांनी दाखवणाऱ्या आकृतीला, लावली. अहवालांत मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सर्वांत धोकादायक चूक फझीच्या आधीच झालेली असते. समजा, टाकी ओसंडू नये म्हणून दोन अलार्म बसवले आहेत. प्रत्येकाच्या बिघाडाची शक्यता ०.०२. दोघांचा वीजपुरवठा एकच, तो जाण्याची शक्यता ०.०१. दोन्ही फांद्या स्वतंत्र धरून गुणाकार केला की दोन्ही अलार्म निकामी होण्याची शक्यता साधारण ०.०००९ येते. खरं उत्तर आहे ०.०१०४, म्हणजे अकरा पटींहून जास्त, कारण वीज गेली की दोन्ही अलार्म एकदमच बंद पडतात. या आकड्यांच्या जागी त्रिकोणी फझी संख्या (किमान, मधला आणि कमाल अशा तीन आकड्यांच्या) घातल्या तरी चूक तिथेच राहते. उलट उत्तराचा पट्टा रुंद दिसला की अनिश्चितता विचारात घेतल्याचं खोटं समाधान मिळतं. म्हणून आधी मिनिमल कट सेट (मुख्य बिघाड घडवायला पुरेसे असे घटनांचे लहानात लहान गट) काढा, मगच फझीकडे वळा.

दुसरी चूक म्हणजे मेंबरशिपलाच (संचात कितपत बसतं ते सांगणाऱ्या ० ते १ मधल्या आकड्यालाच) शक्यता समजणं. 'वारंवार' या शब्दाला ०.७ मेंबरशिप आहे, याचा अर्थ तो शब्द त्या परिस्थितीला तितपत लागू पडतो, एवढाच. बिघाडाची शक्यता ७० टक्के, असा तो नाही. तज्ज्ञांच्या मतांवरून बिघाडाचा आकडा काढायला बरेच जण ओनिसावाचं सूत्र वापरतात. त्यात फझी गुण (तज्ज्ञांच्या मतांतून आलेला ० ते १ मधला आकडा) ०.१ असेल तर शक्यता सुमारे ०.००००१६ येते, ०.२ असेल तर ०.०००२२. गुण दुप्पट, शक्यता तेरा पटींहून जास्त! शब्दांची मोजपट्टी कुणी, कशी आखली यावर इतकं अवलंबून असताना ती एकदाच आखून मोकळं होणं बरोबर नाही. थोडी सरकवून गणित पुन्हा करा. आणि ज्या भागाच्या बिघाडाच्या पुरेशा नोंदी आहेत, तिथे तज्ज्ञांना विचारत बसू नका.

एफएमईए (बिघाडांचे प्रकार आणि परिणाम तपासण्याची पद्धत) करताना फझी आरपीएनमध्ये, म्हणजे जोखमीचा अग्रक्रम ठरवणाऱ्या आकड्यात, वेगळीच गफलत होते. 'अतिशय जास्त' हा संच ८-१०-१० असा काटकोन त्रिकोण घेतला, तर सेंट्रॉइड पद्धतीने (आकृतीचा गुरुत्वमध्य घेऊन) उत्तर ९.३३ च्या वर जाऊच शकत नाही. कारवाई कधी करायची ती मर्यादा मात्र जुन्या पट्टीवरचीच राहते आणि अतिगंभीर बिघाड तिच्याखालून निसटतो. टोकाचे संच पट्टीबाहेर वाढवा (८-१०-१२) किंवा मर्यादा नव्याने ठरवा.

दोन त्रिकोणी संख्यांचा गुणाकार त्रिकोणी नसतो, हेही लक्षात असू द्या. अल्फा-कट घेऊन, म्हणजे मेंबरशिपच्या एकेका पातळीवरचा पट्टा घेऊन, केलेलं गणित बरं.

शेवटी एकच आकडा काढून पट्टा फेकून देऊ नका. अल्फा शून्यावरचं (सर्वांत रुंद पट्ट्याचं) वरचं टोक स्वीकार्य मर्यादेशी ताडून अहवालात दाखवा. ते बाहेर जात असेल, तर कोणत्या घटनेमुळे पट्टा इतका रुंद झाला ते शोधा आणि तिच्या नोंदी ठेवायला प्लांटमध्ये लगेच सुरुवात करा.